वाळवंटातील नगरीस जाताना

प्रवासास निघण्यापूर्वी आपले आजोबा पंचांग उघडीत. आपण विमान-तिकिटांचे दर पाहतो. दर उतरला की सहल ठरते, सहल ठरली की रजा मागितली जाते आणि निघण्याच्या आदल्या सायंकाळी लहानग्याला घेऊन आईवडील दवाखान्यात येतात : ‘‘डॉक्टरसाहेब, उद्या दुबईला निघतोय. प्रवासासाठी काही औषधे लिहून द्या.’’ बालरोगतज्ज्ञाच्या खुर्चीत बसून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की या विषयावर स्मरणिकेत चार शब्द लिहावेत असे वाटले.

दुबई आपल्याला परकी वाटतच नाही. शमशाबादहून निघालेले विमान सुमारे चार तासांत तेथे उतरते. कोणाची लेक तेथे नांदते, कोणाचा मुलगा तेथे अभियंता आहे. रिझर्व्ह बँकेने १९५९ साली आखाती प्रदेशासाठी खास नोटा काढल्या होत्या आणि १९६६ पर्यंत दुबईच्या बाजारपेठेत तोच रुपया चालत असे. हा जिव्हाळा खराच. परंतु त्यामुळेच आपण तिरुपतीला निघावे तितक्या सहजतेने तिकडे निघतो. तेथील हवा वेगळी आहे आणि कायदाही वेगळा आहे, हे मात्र विसरले जाते. माझे सांगणे इतकेच, की सहलीची आखणी तिकिटापासून न करता कुटुंबातील सर्वांत नाजूक प्रवाशापासून करावी. तो प्रवासी कधी सहा महिन्यांचे तान्हे बाळ असेल, तर कधी पंचाहत्तरीतील आजोबा.

पहिला प्रश्न ऋतूचा. आपल्या शाळांची मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये येते. दुबईचा सुखद काळ मात्र नोव्हेंबर ते मार्च हा आहे. उन्हाळ्यात तेथील हॉटेले स्वस्त होतात, त्याचे कारण हेच. ‘‘आम्ही हैदराबादचा मे महिना काढलेली माणसे, आम्हांला उन्हाचे काय भय?’’ असे म्हणणाऱ्यांना मी एक फरक समजावून सांगतो. आपल्याकडील उन्हाळा बहुधा कोरडा असतो. घाम वाळतो आणि शरीर थंड होते. दुबई वाळवंटात असली, तरी समुद्रकाठी वसलेली आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि त्याच वेळी हवा बाष्पाने जड झालेली असते. घाम येतो, पण वाळत नाही. लहान मुलांच्या वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असते. बाहेरची हवा अंगाहून तापली, की ती उष्णता त्यांच्या शरीरात वेगाने शिरते. शिवाय तहान लागली हे तान्ह्या बाळाला सांगताही येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन या वेळेत उघड्यावर मजुरांकडून काम करून घेण्यास कायद्याने मनाई आहे. धडधाकट मजुराला जी वेळ सोसवत नाही, त्या वेळी बाबागाडी ढकलीत समुद्रकिनारी जाण्यात शहाणपण नाही. तेव्हा शक्य तर दिवाळीनंतरचा किंवा नाताळचा काळ निवडावा.

दुसरा विचार विमानाचा. उड्डाणात केबिनमधील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या ठिकाणाइतका असतो आणि हवा अतिशय कोरडी असते. निरोगी मुलाला याचा त्रास होत नाही. परंतु नुकताच न्यूमोनिया होऊन गेलेले, तीव्र रक्तक्षय असलेले अथवा हृदयदोषामुळे निळसर पडणारे मूल असेल, तर तिकिटापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. कानदुखी मुख्यतः विमान उतरताना होते. त्या वेळी बाळाला अंगावर पाजावे. मोठ्या मुलांना घोट घोट पाणी द्यावे. मूल झोपावे म्हणून सर्दीचे औषध पाजण्याची प्रथा मात्र सर्वस्वी टाळावी.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, औषधांचा. आपल्या व्यवसायबंधूंच्या घरातील औषधपेटी ही एक छोटी फार्मसीच असते आणि तीच उचलून बॅगेत टाकण्याची आपली सवय. अमिरातीत कोडीन आणि ट्रामाडॉल यांची गणना अमली द्रव्यांत होते. डायझेपाम, अल्प्राझोलाम, प्रीगाबालिन यांवरही कडक नियंत्रण आहे. आपल्याकडे खोकल्यासाठी वा कंबरदुखीसाठी लिहून दिलेली बाटली किंवा गोळी तेथे चौकशीचे, क्वचित अटकेचेही कारण ठरू शकते.

यातील पेच एका बालरुग्णामुळे माझ्यासमोर स्पष्टपणे आला. आठ वर्षांची मुलगी, अपस्माराची रुग्ण. क्लोबाझामवर दोन वर्षे झटका आलेला नव्हता. मावशीच्या घरी आठ दिवस दुबईस जायचे ठरले. वडिलांनी कोठेतरी वाचले, की अशा गोळ्या सापडल्या तर तुरुंगवास होतो. त्यांनी विचारले, ‘‘आठच दिवसांचा प्रश्न आहे, गोळी बंद ठेवली तर चालेल ना?’’ एकीकडे परक्या देशाच्या कायद्याचे भय, तर दुसरीकडे गोळी अचानक थांबविल्याने न थांबणारे झटके येण्याचा धोका. सुदैवाने प्रवासास अवकाश होता. तेथील शासनाच्या औषधविषयक यंत्रणेकडे ऑनलाइन अर्ज करून पूर्वपरवानगी घेता येते. मी इंग्रजीत सविस्तर पत्र दिले : निदान, औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि एकूण गोळ्यांची संख्या. परवानगी हाती आली. गोळ्या मूळ वेष्टनात, हातातील बॅगेत, पत्रासह गेल्या. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. म्हणून रात्री नऊची गोळी तेथे साडेसातला द्यायची, हेही लिहून दिले. मुलगी उंटावर बसून आली आणि एकही मात्रा चुकली नाही. हाच प्रश्न आदल्या सायंकाळी विचारला गेला असता, तर सहल रद्द करा याखेरीज दुसरे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

गृहिणींसाठी एक सूचना. लेकीसाठी मायेने डब्यात भरलेल्या अनारशांना खसखस लावलेली असते. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातील बी, आणि तेथे ती निषिद्ध आहे. विड्याच्या पानांचेही तसेच. चिवडा, लाडू, चकली खुशाल न्यावी. अनारसे येथेच खाऊन घ्यावेत. दुसऱ्या कोणी ‘एवढे पुडके पोचवा’ म्हटले, तर आत काय आहे हे पाहिल्याशिवाय ते घेऊ नये.

तेथे पोचल्यावर दिवसाचे दोन भाग करावेत. सकाळ आणि सायंकाळ बाहेर. दुपार विश्रांतीची किंवा छताखालची. ओआरएसची पाकिटे जवळ असावीत. थांबलेल्या मोटारीत मुलाला क्षणभरही एकटे ठेवू नये. चार वर्षांपर्यंतच्या मुलांना मोटारीत बालआसन तेथे कायद्याने आवश्यक आहे. भाड्याची गाडी ठरवतानाच ते मागून घ्यावे. वाळूच्या टेकड्यांवरून गाडी उधळविण्याचा खेळ तान्ही मुले, गर्भवती आणि मणक्याचे विकार असलेल्यांसाठी नाही. त्यांना अल् फहिदीच्या जुन्या वस्तीत न्यावे. तेथील घरांवरचे चौकोनी मनोरे वरून वाहणारा वारा पकडून खाली खोलीत उतरवीत. वीज नव्हती तेव्हा माणसे येथे कशी राहत, याचे ते उत्तर आहे. जवळच खाडीवर ‘अब्रा’ नावाच्या लाकडी नावा एका दिर्‌हमात पैलतीरी नेतात. माझ्या अनुभवात ८२८ मीटर उंचीच्या बुर्ज खलिफापेक्षा या नावेतच मुले आणि आजीआजोबा अधिक रमतात.

अखेरीस, अनपेक्षितासाठी जागा ठेवावी. १६ एप्रिल २०२४ रोजी या वाळवंटी नगरीत असा पाऊस झाला, की धावपट्ट्यांवर पाणी साचले आणि कित्येक उड्डाणे रद्द झाली. जून २०२५ मध्ये कतारने युद्धजन्य स्थितीत आपले हवाई क्षेत्र काही तास बंद केले, तेव्हाही आखातातील प्रवासी अडकले. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी आणि निघण्यापूर्वी तेथील परिस्थिती व नियम नव्याने पाहून घ्यावेत, प्रवासविमा घ्यावा आणि नियमित औषधे चार-पाच दिवसांची जादा ठेवावीत. परवानगीच्या अर्जातही तीच संख्या लिहावी. पारपत्राची मुदत सहा महिन्यांहून अधिक शिल्लक आहे ना, हे मुलांच्याही बाबतीत पाहावे.

सहलीच्या निदान सहा आठवडे आधी कोऱ्या कागदावर घरातील प्रत्येकाचे नाव, आजार आणि रोजची औषधे लिहावीत. तो कागद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि मगच तिकिटांचे दर पाहावेत. आपण स्वतः डॉक्टर असलो, तरी आपल्या घरच्यांसाठी हा कागद दुसऱ्या डॉक्टरांना जरूर दाखवावा.