अपंगत्व, कमाईची क्षमता आणि विमा संरक्षण

बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता या प्रसंगी नागरिकांना साहाय्य मिळावे, असा निर्देश भारतीय राज्यघटनेच्या 41 व्या कलमात आहे. मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे त्याच्या आधारे थेट न्यायालयात दाद मागता येत नाही. ते प्रत्यक्षात आणण्याचे काम निरनिराळ्या काळातील कायद्यांनी व योजनांनी केले. परीक्षार्थींना त्यांची नावे आणि वर्षे मुखोद्गत असतात. मात्र प्रत्येक योजना नेमके काय मोजते आणि कशाची भरपाई देते, याकडे क्वचितच लक्ष दिले जाते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार नमूद असून आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान 40 टक्क्यांची अट आहे. ही टक्केवारी शरीराच्या हानीची होय. कामगार भरपाईच्या कायद्यात विचार होतो तो कमाईच्या क्षमतेत झालेल्या घटीचा. सुताराचा अंगठा आणि शिक्षकाचा अंगठा वैद्यकीय दृष्ट्या सारखाच. उपजीविकेच्या दृष्टीने मात्र दोहोंत मोठे अंतर आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये एका सुताराच्या प्रकरणात हा मुद्दा स्पष्ट केला. कामावर असताना झालेल्या अपघातात त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. हे अपंगत्व अंशतः आहे, असे मालकाचे म्हणणे होते. एका हाताने सुतारकाम होऊ शकत नाही, म्हणून या कामगाराचे अपंगत्व पूर्ण मानले पाहिजे, असा निर्णय न्यायालयाने दिला.

कामगार भरपाईचा कायदा 1923 चा. त्यानुसार कायम व पूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या 60 टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणले जाते. या गणनेसाठी वेतनाची कमाल मर्यादा 2020 मध्ये 15,000 रुपये करण्यात आली. समजा, 15,000 रुपये वेतन असलेल्या 30 वर्षांच्या यंत्रचालकाचा अंगठा यंत्रात सापडून तुटला. तिशीसाठी गुणक 207.98, म्हणून पूर्ण अपंगत्वाची भरपाई 18,71,820 रुपये होते. अनुसूचीत अंगठ्यासाठी 30 टक्के घट धरलेली असल्याने त्याला 5,61,546 रुपये एकरकमी मिळतील. ही जबाबदारी मालकाची आहे आणि मालक टाळाटाळ करू लागला, तर कामगाराला सक्षम प्राधिकाऱ्याकडे धाव घ्यावी लागते.

हाच कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल, तर चित्र पालटते. 1948 च्या कायद्यान्वये आलेल्या आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झालेल्या या योजनेत दायित्व एकट्या मालकावर न राहता विमा निधीकडे जाते. उपचार सुरू असेपर्यंत वेतनाच्या 90 टक्के दराने लाभ मिळतो. त्यानंतर कमाईच्या क्षमतेतील घटीच्या प्रमाणात आजीवन नियतकालिक रक्कम दिली जाते. वरील उदाहरणात ती दिवसाला सुमारे 135 रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे 4,050 रुपये होईल. साडेअकरा वर्षांत तिची बेरीज एकरकमी भरपाईएवढी होते आणि त्यापुढेही लाभ चालू राहतो. कर्ज फेडण्यात किंवा घरातील लग्नकार्यात एकरकमी पैसा संपून जाण्याचा धोका असतो, हे लक्षात घेता उत्पन्नाचे खरे संरक्षण दुसऱ्या पद्धतीतच आहे. एकाच दुखापतीसाठी दोन्ही लाभ मिळत नाहीत.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे स्वरूप याहून वेगळे आहे. मे 2015 मध्ये सुरू झालेल्या या योजनेचा वार्षिक हप्ता जून 2022 पासून 20 रुपये झाला. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाख आणि एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाल्यास एक लाख रुपये मिळतात. वेतनाशी या रकमेचा संबंध नाही. आपल्या उदाहरणातील कामगाराला केवळ अंगठ्यासाठी येथे काहीही मिळणार नाही. एवढ्या अल्प हप्त्यात याहून अधिक अपेक्षा ठेवणेही वाजवी नव्हे; पण तिला उत्पन्नाचा विमा समजणे चुकीचे ठरेल.

मोठी उणीव आजारामुळे येणाऱ्या अपंगत्वाबाबत आहे. पक्षाघात किंवा मूत्रपिंडाचा विकार हा अपघात नसल्याने अपघात विमा तेथे लागू होत नाही. राज्य विमा योजनेतील पात्र कामगाराला 34 दीर्घकालीन आजारांसाठी वेतनाच्या 80 टक्के दराने कमाल दोन वर्षे विस्तारित आजारपण लाभ मिळू शकतो. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, 1995 मध्ये सेवेत असताना कायम व पूर्ण अपंगत्व आल्यास एका महिन्याच्या अंशदानावरही निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. शेतमजूर, फेरीवाले, घरकामगार यांपैकी बहुतेक जण या दोन्हींच्या कक्षेबाहेर राहतात. 2009 मध्ये सुरू झालेली इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंगत्व निवृत्तिवेतन योजना दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींसाठी आहे. तीत 80 टक्के अपंगत्वाची अट असून 18 ते 79 या वयोगटासाठी केंद्राचा वाटा दरमहा 300 रुपये ठेवण्यात आला.

सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये 1923 आणि 1948 च्या कायद्यांसह नऊ कायदे एकत्र करण्यात आले. 21 नोव्हेंबर 2025 पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. असंघटित तसेच गिग व प्लॅटफॉर्म कामगारांसाठी जीवन व अपंगत्व संरक्षणाच्या योजना आखण्याची तरतूद तीत आहे. गिग कामगारांच्या योजनांसाठी अॅपद्वारे सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के अंशदान द्यावयाचे असून, कामगारांना दिलेल्या व देय रकमेच्या 5 टक्के ही त्याची कमाल मर्यादा आहे.