तीन मिनिटं आणि दीड लाख मुलं

2011च्या जनगणनेत औरंगाबाद शहरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, 11,75,116 माणसं मोजली गेली. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या एका नेत्रचेतेत साधारण तेवढेच, दहा-बारा लाख तंतू असतात. गुलमंडीपासून हर्सूलपर्यंत माणशी एक तार ओढावी आणि सगळ्या तारांची जुडी पेन्सिलीहून बारीक व्हावी, असं हे काम आहे. अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी एकेका डोळ्यात नऊ ते बारा कोटी. त्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या होती सव्वाअकरा कोटी!

एवढा पसारा घेऊन जन्मलेलं बाळ लगेच स्पष्ट पाहू शकत नाही. त्याचा डोळा पुढून मागे जेमतेम 17 मिलिमीटर असतो, मोठेपणी 24 होतो. ही वाढ एका मिलिमीटरने जरी जास्त झाली, तरी अडीच-तीनचा मायनस नंबर लागतो. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असला किंवा डोळा तिरळा असला, की वाढता मेंदू त्या डोळ्याचं चित्र बाजूला सारू लागतो. हाच आळशी डोळा. सात-आठ वर्षांपर्यंत उपचार चांगला लागू पडतो, पुढे अवघड होत जातं. मूल तक्रार करत नाही, कारण जग याहून स्पष्ट दिसतं हे त्याला ठाऊकच नसतं. मला यातलं हे सगळ्यात जास्त लागतं.

आता शहराचा हिशेब. त्याच जनगणनेत इथं सहा वर्षांपर्यंतची 1,58,779 मुलं होती. जगभरच्या पाहण्यांमध्ये आळशी डोळा साधारण शंभरात दोन-तीन मुलांना आढळतो. दोनच धरले तरी तीन हजारांवर मुलं. ती शोधायला सगळ्यांनाच तपासावं लागणार. एका मुलाला तीन मिनिटं धरली, तर होतात 7,939 तास. रोज सहा तास आणि वर्षाला 300 दिवस राबलं तरी एकट्या पथकाला चार वर्षांहून जास्त लागतील. तोवर बालवाडीतलं मूल तिसरीत गेलेलं असेल.

म्हणूनच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं महत्त्वाची. हा कार्यक्रम 2013च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरहून सुरू झाला. पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावं, असं त्यात ठरलेलं आहे. तपासणीच्या दिवशी मूल घरी राहिलं, तर पुढची पाळी येईपर्यंत महिने जातात. तो दिवस अंगणवाडीताईंना आधीच विचारून ठेवावा.

घरीही एक करून बघता येतं. खेळता खेळता मुलाचा एकेक डोळा तळहातानं झाका. एक डोळा झाकल्यावर मूल शांत राहतं आणि दुसरा झाकला की हात ढकलतं, रडतं, असं वारंवार झालं तर थेट नेत्रतज्ज्ञांकडे न्या. शांत राहिलं म्हणून मात्र तपासणी टाळू नका. उपचार पुष्कळदा चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी एवढाच असतो. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, मध्यम स्वरूपाच्या दोषात रोज दोन तासांच्या पट्टीनं सहा तासांइतकाच फरक पडला होता.