स्पिंडल फिरवा, डोकं नाही!

सोमवार ते शुक्रवार की-बोर्ड बडवला, की वीकएण्डला हातांना काहीतरी खरंखुरं काम हवंसं वाटतं. कुणी ट्रेकला जातं, कुणी गिटार घेऊन बसतं. आमच्या कंपूला नाद लागलाय सीएनसी राऊटरचा. टेबलावर मावणारं हे मशीन लॅपटॉपच्या हुकमावर लाकडात झकास नेमप्लेट कोरून देतं. मग सोबत आलेली चिमुकली मोटर पुरेनाशी होते आणि घरात दीड किलोवॉटचा स्पिंडल येतो. मिनिटाला २४,००० फेरे! खरी गोची इथेच सुरू होते.

दोघांची भाषाच वेगळी. मशीनचा मेंदू म्हणजे जीआरबीएल चालवणारा आर्डुइनो. तो ५ व्होल्टच्या पल्समध्ये बोलतो. पल्स जितका जास्त वेळ चालू, तितका वेग जास्त. स्पिंडल फिरवणाऱ्या व्हीएफडीला मात्र ० ते १० व्होल्टच कळतात. मधला दुभाषा म्हणजे सिग्नल कन्व्हर्टर बोर्ड. अर्धा वेळ चालू असलेला पल्स आत गेला, की बाहेर ५ व्होल्ट येतात आणि स्पिंडल १२,००० वर फिरतो.

प्रकाशाचा फंडा

आता मला विचाराल, तर या बोर्डवरचा हीरो आहे चार पायांचा ऑप्टोकपलर. पीसी ८१७ हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा. एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर, आणि मध्ये तार नाहीच! निरोप जातो, करंट जात नाही. व्हीएफडीच्या पोटात सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट खेळत असतात आणि आर्डुइनोला यूएसबीने जोडलेला असतो तुमचा ऑफिसचा लॅपटॉप. त्यामुळे ही भिंत हवीच.

पण ही भिंत आपणच पाडू शकतो. वायर वाचवायची म्हणून एकाच अडॅप्टरवरून आर्डुइनो आणि कन्व्हर्टरची १० व्होल्टची बाजू चालवली, की दोन्हींचं ग्राउंड एक होतं. मग ऑप्टोकपलर असून नसल्यासारखा. कन्व्हर्टरच्या त्या बाजूला वेगळा सप्लाय द्या. सिग्नलची केबल शिल्डेड घ्या, शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा आणि ती स्पिंडलच्या केबलपासून लांब ठेवा. नाहीतर व्हीएफडीच्या गोंगाटाने यूएसबी सुटतं आणि तीन तासांचं काम अर्ध्यात बोंबलतं.

जोडण्याआधी मोजा

आमच्या कंपूचा नियम साधा आहे. व्हीएफडी जोडायच्या आधी मल्टिमीटर. जीआरबीएलमध्ये डॉलर ३० या सेटिंगला २४००० भरा, पूर्ण वेगाची आज्ञा द्या आणि बोर्डवरचा छोटा स्क्रू फिरवत आउटपुट बरोबर १० व्होल्टवर आणा. मग अर्धा वेग द्या. ५ च्या जवळपास दिसले, तर जमलं.

यानंतरची टेस्ट मी कधीच टाळत नाही. 'थांब' म्हणजे एम ५ ही आज्ञा दिल्यावर मीटर शून्यावर येतो का? काही ऑप्टोकपलर बोर्ड सिग्नल उलटा करतात. इकडे शून्य, तर तिकडे १०! त्यात व्हीएफडीची 'रन'ची तार कायमची जोडलेली असेल, तर 'थांब' म्हटल्यावर स्पिंडल पूर्ण वेगाने सुटेल, आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी हात बिट बदलायला पुढे गेलेला असेल. म्हणून रनला वेगळा रिले हवा. इमर्जन्सी स्टॉपसुद्धा सॉफ्टवेअरच्या भरवशावर नको, थेट वायरिंगमध्ये हवा. पहिली ट्रायल बिट न लावताच घ्या.

आणखी एक. मेन स्विच बंद केला म्हणजे व्हीएफडी शांत झाला, असं नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ जाऊ द्या, मगच झाकण उघडा. तेवढ्यात एक चहा होतो, बॉस!