पाकव्यवहारातील ‘चार’ : एक उच्चार, अनेक अर्थ

प्रस्तावना
इंग्रजी पाककृतींचे मराठीकरण करताना ‘चार’ हा लहानसा शब्द अनुवादकास अडवतो. मराठी वाचकास त्यातून संख्या आठवते. विदर्भात ज्याच्या बियांतून चारोळी मिळते, ते रानफळही ‘चार’च. इंग्रजीत मात्र या उच्चाराचे निराळे अर्थ आहेत. त्यांचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

भिन्न कुळांतील शब्द
‘आर्क्टिक चार’ हा सॅल्मनच्या कुळातील, थंड पाण्यातील मासा होय. ब्रिटिशांच्या बोलीत ‘चार’ म्हणजे चहा. हा शब्द आणि आपला ‘चहा’ ही दोन्ही चिनी ‘छा’ची रूपे आहेत. कँटोनी ‘चार सिउ’ या डुकराच्या मांसाच्या पदार्थात ‘चार’ म्हणजे काटा आणि ‘सिउ’ म्हणजे भाजणे. येथे भाजण्याचा अर्थ दुसऱ्या पदात आहे, हे ध्यानी घ्यावे.

भाजण्याचा अर्थ
‘चारकोल’शी संबंधित क्रियापद ‘चार’ म्हणजे पृष्ठभाग काळा पडेपर्यंत भाजणे. खरी अडचण येथेच उद्भवते. इंग्रजीत हा शब्द गुण आणि दोष दोन्हींसाठी चालतो. मराठीत ‘खरपूस’ ही प्रशंसा, तर ‘करपलेले’ ही तक्रार. दूध तळाला ‘लागते’, भाकरीवर ‘डाग पडतात’. भरताच्या वांग्याची साल मात्र मुद्दाम जाळली जाते; साल काळी पडते, गर आतल्या वाफेवर शिजतो आणि त्यास धुरकट स्वाद येतो.

या भेदास रसायनशास्त्राचाही आधार आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेलार्ड यांनी 1912 मध्ये वर्णिलेल्या अभिक्रियेत अमिनो आम्ले व शर्करा यांच्या संयोगातून तपकिरी रंग आणि सुवास निर्माण होतो, हाच खरपूसपणा. उष्णता त्यापुढे वाढल्यास पदार्थाचे विघटन होऊन कडवट कोळसा उरतो. पिष्टमय पदार्थ उच्च तापमानास तळल्या-भाजल्यास अ‍ॅक्रिलामाइड हे अपायकारक द्रव्य तयार होते, हे 2002 मध्ये स्वीडनमधील संशोधनातून पुढे आले. रंग जितका गडद, तितके त्याचे प्रमाण सामान्यतः अधिक असते. म्हणजेच खरपूस आणि करपलेले यांतील सीमारेषा केवळ रुचीची नाही, आरोग्याचीही आहे.

निष्कर्ष
‘चार’ला एकच मराठी प्रतिशब्द ठरविणे अयोग्य होय. पदार्थ कोणता, भाजण्याची मर्यादा कोणती आणि जळलेला भाग खावयाचा की काढून टाकावयाचा, हे पाहूनच शब्द योजावा. गृहविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ‘खरपूस’च्या जागी ‘करपेपर्यंत’ असे छापले गेले, तर विद्यार्थी चूक हीच कृती म्हणून शिकेल.