स्मार्ट वीज मीटर : खोट्या नोंदींची कारणे व पडताळणी

प्रस्तावना :
ग्वाल्हेर शहरातील बिर्लानगर ही वसाहत कापडगिरणीच्या आश्रयाने वाढली. या भागाचा वीजपुरवठा आज मध्य प्रदेश मध्य क्षेत्र विद्युत वितरण कंपनीच्या अखत्यारीत येतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुधारित वितरण क्षेत्र योजना आणली आणि देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसविण्याचे उद्दिष्ट ठेवले. मीटरबरोबर घराघरांत एक नवी शंकाही आली. मोबाइलवर खर्च पाहता यावा म्हणून काही ग्राहक मीटरच्या दिव्यासमोर स्वतःचा सेन्सर लावतात. एखाद्या रात्री तो अचानक २० किलोवॅट भार दाखवितो. मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाला अशा आकड्याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. हा आकडा खरा की खोटा, हे ओळखावे कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नोंद कशी होते :
मीटरवरील लाल दिवा ठरावीक वीज खर्च झाली की एकदा लुकलुकतो. मीटरवर ३२०० इम्पल्स असे छापलेले असेल, तर ३२०० लुकलुकींचे एक युनिट होते. घरात २ किलोवॅटचा भार असेल, तर दोन लुकलुकींमध्ये सुमारे ०.५६ सेकंदाचे अंतर राहते. सेन्सर हे अंतर मोजून भार काढतो. अंतर जितके कमी, तितका भार अधिक.

कारणमीमांसा :
१) खोटी लुकलुक : सूर्यप्रकाश, ट्यूबलाइटची थरथर किंवा सैल तार यांमुळे सेन्सर एकच लुकलुक दोनदा मोजतो. दोन नोंदींत ०.०५ सेकंदाचेच अंतर पडले, तर भार २२.५ किलोवॅट दिसतो. प्रत्यक्षात एकूण हिशेबात वाढ होते ती युनिटच्या ३२०० व्या भागाची.
२) साचलेली नोंद : इंटरनेट सहा तास बंद राहिले आणि त्या काळातील ३ युनिटे एकाच १५ मिनिटांच्या खान्यात जमा झाली, तर भार १२ किलोवॅट भासतो. येथे युनिटे खरी असतात, वेळ मात्र खोटी असते.
३) शून्यापासून मोजणी : वीज जाऊन आल्यावर सेन्सरची मोजणी शून्यावर येते. नंतर जुना आकडा परत मिळाला की संपूर्ण बेरीज एका क्षणाचा खर्च म्हणून दिसते.

पडताळणी :
क्षणिक भारापेक्षा मीटरच्या पडद्यावरील एकूण युनिटांचा आकडा अधिक विश्वसनीय असतो. तो रोज एकाच वेळी वहीत टिपून ठेवावा. उडी आली त्या दिवशी वहीतील वाढ नेहमीइतकीच असेल, तर दोष सेन्सरचा समजावा. सेन्सरवर काळी पट्टी लावून बाहेरचा उजेड अडवावा. घराचा मंजूर भार ३ किलोवॅट असेल, तर ०.१ सेकंदाच्या आत आलेली दुसरी लुकलुक सोडून देण्याची सूचना सेन्सरला द्यावी. कारण तिचा अर्थ ११ किलोवॅटहून अधिक भार असा होतो. मीटरचे सील कधीही उघडू नये, तो गुन्हा आहे. बाहेरून सेन्सर लावण्यापूर्वीही वितरण कंपनीस विचारलेले बरे.

मीटरच चुकत असेल तर :
मीटर कधीच चुकत नाही, असेही मानता येत नाही. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ९ मीटरांपैकी ५ मीटरांनी जास्त वाचन दिले. एका वाचनात ही वाढ ५८२ टक्क्यांपर्यंत गेली. मंदक लावलेले बचतीचे दिवे विजेचा प्रवाह तुटक करीत होते आणि मीटरमधील संवेदक त्यामुळे फसत होते. म्हणून वहीतील एकूण आकडाच अवाजवी वाढत असेल, तर मुख्य स्विच बंद करून दिवा लुकलुकतो का ते पाहावे व लेखी तक्रार करावी. वीज ग्राहक हक्क नियमांतील २०२४ च्या दुरुस्तीनुसार अशी तक्रार आल्यावर पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने वापर तपासणे वितरण कंपनीवर बंधनकारक आहे.

समारोप :
मोबाइलवरील एका उंच रेषेच्या आधारे केलेली तक्रार टिकत नाही, आणि अशा तक्रारींच्या गर्दीत खरी तक्रारही दुर्लक्षित होते. तारीख, वेळ व एकूण युनिटे यांची महिनाभराची नोंद हाच ग्राहकाचा खरा पुरावा होय. ती ठेवण्यास एक वही पुरते. शाळेत जाणारे मूलही हे काम करू शकते.