पिवळी दिसली म्हणून सोनकी नव्हे

गौरी-गणपती झाले की पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर सोनकी फुलते. पण रस्त्याकडेचा पिवळा कॉसमॉसही आता बऱ्याच जणी सोनकी म्हणूनच दाखवतात.

सोनकी आपल्या सह्याद्रीतली. उंची गुडघ्याच्या आसपास, फूल रुपयाएवढं, पानं अखंड आणि कडेला दाते. कॉसमॉस मूळचा मेक्सिकोकडचा, बागेतून सुटलेला. तो छातीपर्यंत वाढतो. पानं गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली, समोरासमोर. फुलाला बहुधा केशरी झाक. आम्हाला खात्रीची वाटते ती बियांची खूण. सोनकीचं बी म्हातारीसारखं फुंकरीनं उडतं. कॉसमॉसचं काळं, सुईसारखं बी लुगड्याला चिकटतं. (पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके दिसले तर तो कवला, त्याचं पुन्हा कधीतरी.)

हे सांगायचं कारण वैरणीचं आहे. शोभेसाठी टाकलेलं कॉसमॉसचं बी कुरणात शिरलं की दाट माजतं आणि खालचं गवत सावलीत खुरटतं. तेव्हा गटानं रस्त्याकडेला त्याचं बी टाकू नये. अंगणात असेल तर बी धरायच्या आत उपटावा. सोनकी मात्र तोडू नका, तिचं बी तिथंच सांडू द्या.