ऐकण्याजोगे चित्रपट



चित्रपटांतील पाच-पन्नास गाणी मुखोद्गत नाहीत असा मनुष्य आपल्याकडे विरळाच. परंतु त्या गाण्यांपैकी कोणतेही एक घ्या आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा. ते कथेत कोणत्या प्रसंगी येते? ते कोण, कोणाला उद्देशून म्हणते? आणि ते संपल्यावर कथेत काय पालटलेले असते? पुष्कळांना या प्रश्नांची उत्तरे देता येणार नाहीत. गाणे आपल्यापाशी असते. पण ज्या घरात ते जन्मले ते घर आपण पाहिलेले नसते. ज्यांतील गाणी त्यांच्या घरीच जाऊन ऐकावीत, अशा काही चित्रपटांची शिफारस आज करावयाची आहे.

गाणे आणि चित्रपट यांची ही ताटातूट झाली कशी? तिचे बरेचसे श्रेय, अथवा अपश्रेय म्हणा, रेडिओकडे जाते. 1952 मध्ये डॉ. बाळकृष्ण केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते मोठे अभिमानी. त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना जवळजवळ मज्जाव झाला आणि श्रोत्यांनी आपल्या रेडिओचा काटा सिलोनकडे वळविला. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि चित्रपटगीत स्वदेशी परतले. या सर्व घडामोडीत गाणे तीन-साडेतीन मिनिटांची स्वतंत्र वस्तू होऊन बसले. आज तर ते खिशातील मोबाइलमध्ये मावते आणि कडवे संपण्यापूर्वीच पुढे सरकविले जाते. सोय वाढली, यात शंका नाही. परंतु प्रसंगातून उपटलेले गाणे म्हणजे पत्रातून कापून घेतलेली एक ओळ. अक्षर सुंदर दिसते. मजकूर मात्र हाती लागत नाही.

भोपाळच्या गोविंदपुऱ्यातील मराठी कुटुंबांना या गोष्टीचे महत्त्व विशेष वाटावे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि जुन्या राजधानीतून, म्हणजे नागपुराहून, अनेक मराठी सरकारी नोकर इकडे आले. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनीची स्थापना झाली. 6 नोव्हेंबर 1960 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. 1974 मध्ये ती कंपनी ‘भेल’मध्ये विलीन झाली आणि गोविंदपुरा हे नाव त्या कारखान्याशी व त्याच्या वसाहतीशी कायमचे जोडले गेले. येथे वाढलेल्या मराठी मुलांची शाळा हिंदी वा इंग्रजी, खेळगडी हिंदी आणि बाजारही हिंदी. मराठी उरते ती स्वयंपाकघरात, सणावारी आणि गाण्यांत. म्हणून गाण्यांची निवड ही येथे केवळ करमणुकीची बाब राहत नाही. शब्दांचा अर्थ न कळता मुले चाल गुणगुणू लागली, की भाषा दाराशी येऊन परत फिरली असे समजावे.

आरंभ आपल्या परिसरापासूनच करू. बी. आर. चोप्रा यांचा ‘नया दौर’ (1957) पुष्कळांनी पाहिला असेल. पण त्याचे बाह्यचित्रण भोपाळजवळच्या नर्मदाकाठी, बुधनीच्या परिसरात झाले, हे नव्या पिढीला क्वचितच ठाऊक असते. याच बाह्यचित्रणाला जाण्यावरून मधुबाला आणि निर्माते यांच्यातील वाद न्यायालयापर्यंत गेला आणि नायिकेची भूमिका वैजयंतीमालेकडे आली. कथा टांगेवाल्यांची आहे. गावात प्रथम विजेची करवत येते, मग मोटार येते आणि माणसांच्या हातचे काम जाऊ लागते. संगीत दिग्दर्शक ओ. पी. नय्यर यांनी घोड्याच्या टापांचा ठेका गाण्यात असा बांधला, की टांगा हाच वाद्य होऊन बसतो. पुढे गावकरी स्वतः रस्ता बांधू लागतात तेव्हा साहिरच्या शब्दांत श्रमाचे समूहगीत येते. ही दोन्ही गाणी सुटी ऐकली तर आनंद होतो. चित्रपटात ऐकली तर ध्यानात येते, की ज्या ताला-लयीवर ही माणसे जगतात तीच लय मोटारीच्या आवाजाने मोडणार आहे. येथे यंत्राला माणसाची जोड हवी, असा या कथेचा निष्कर्ष आहे. ज्या गोविंदपुऱ्यातील हजारो चुली यंत्राच्या आधारावर पेटल्या, तेथील श्रोत्याने हा निष्कर्ष आपल्या अनुभवावर घासून पाहावा. 2007 मध्ये हा चित्रपट रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झाला. मला विचाराल तर मूळचा कृष्णधवलच पाहावा.

याच्या जोडीला मराठीतील ‘साधी माणसं’ (1965) पाहावा. दिग्दर्शक भालजी पेंढारकर, गीते जगदीश खेबुडकर व योगेश यांची आणि संगीत ‘आनंदघन’ यांचे. आनंदघन म्हणजे दुसरे कोणी नसून लता मंगेशकर, आपल्या शेजारच्या इंदुरात 1929 साली जन्मलेल्या. हे टोपणनाव घेऊन त्यांनी चार मराठी चित्रपटांना संगीत दिले. या चित्रपटात लोहाराच्या घरची स्त्री आपल्या पतीबरोबर भट्टीपाशी राबताना ऐरणीलाच देव मानून प्रार्थना करते. शब्द भक्तीचे आणि ताल घणाचा! कारखान्यात ज्यांच्या आजोबांनी लोखंड तापविले, ठोकले, घासले, त्यांच्या नातवंडांना भाता, ऐरण, घण हे शब्द शिकवावयाचे असतील तर याहून चांगली शाळा नाही.

आता थोडे मागे जाऊ. प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ (1936) दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. संगीत केशवराव भोळे यांचे. तुकारामांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस स्वतः गात. त्यामुळे बोलणे कोठे संपले आणि अभंग कोठे सुरू झाला, याची शिवण दिसत नाही. समोर जिजाईची भूमिका गौरी यांची. तिचे बोलणे रोखठोक, संसाराच्या चटक्यांनी भाजलेले. एकाचे पद्य आणि दुसरीचे गद्य यांचा हा झगडा हेच या चित्रपटाचे खरे संगीत होय. आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी. बीजापासून वृक्ष होतो, या आशयाचे त्यातील गीत शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी नव्याने लिहिले. पण ते इतके अस्सल उतरले की अनेकांनी ते तुकोबांचाच अभंग मानले. कवीच्या वाट्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते येणार? 1937 मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. मराठी भाषेचा एक शब्दही न कळणाऱ्यांपर्यंत तो पोहोचला, ही गोष्ट ज्यांना मराठी अर्धीमुर्धी कळते त्यांनी धीर धरण्यासाठी लक्षात ठेवावी.

प्रभातचाच दुसरा चित्रपट ‘कुंकू’ (1937). व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीची कथा आणि संगीत पुन्हा केशवराव भोळे यांचेच. वृद्धाशी फसवून लग्न लावलेली तरुण मुलगी ते लग्न मनाने मान्य करण्याचे नाकारते, असा विषय. या चित्रपटाचे वैशिष्ट्य असे, की त्याला रूढ अर्थाने पार्श्वसंगीत नाही. प्रसंगात जे प्रत्यक्ष आहे त्याचाच ध्वनी कानी येतो. आजच्या चित्रपटात दुःख झाले की सारंगी आणि संकट आले की ढोल, असा जणू सरकारी नियम आहे. प्रेक्षकाने कधी रडावे हे वाद्यवृंदच ठरवितो. ‘कुंकू’ पाहताना तशी सूचना देणारे कोणी नसते. आपल्याला स्वतःच ठरवावे लागते. शांता आपटे यांनी त्यात लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविता गायिली आहे. 1937 च्या मराठी बोलपटात इंग्रजी कविता ऐकून आश्चर्य वाटते. पण ती कोणत्या मनःस्थितीतून येते हे पाहिले, की त्या मुलीच्या मनातील जगण्याची उमेद ध्यानी येते. ध्वनी म्हणजे काय आणि शांतता म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे त्याने ‘कुंकू’पासून प्रारंभ करावा.

रागदारीची ज्यांना गोडी आहे त्यांनी ‘बैजू बावरा’ (1952) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (2015) हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत. दोहोंतही गायनाचा सामना आहे. ‘बैजू बावरा’त नौशाद यांनी तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ यांचा आणि बैजूसाठी पंडित द. वि. पलुस्कर यांचा आवाज घेतला. अमीर खाँ इंदूर घराण्याचे प्रवर्तक. पलुस्कर हे विष्णु दिगंबरांचे सुपुत्र आणि ग्वाल्हेर घराण्याचे गायक. म्हणजे मध्य प्रदेशातील दोन नगरांच्या गायकी त्या एका जुगलबंदीत समोरासमोर उभ्या आहेत. पलुस्कर 1955 मध्ये, ऐन उमेदीत, निवर्तले. त्यामुळे हे ध्वनिमुद्रण आता ठेव्यासारखे झाले आहे. ‘कट्यार’चे मूळ नाटक 1967 चे. लेखक नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. सुबोध भावे यांनी त्याचा चित्रपट केला तेव्हा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी खाँसाहेबांना आवाज दिला आणि त्यातील गायनासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. विद्या शिष्याला द्यावी की मुठीत झाकून ठेवावी, हा या कथेचा प्रश्न आहे. घरची भाषा मुलांना देणाऱ्या अथवा देण्यास कंटाळणाऱ्या आईबापांनाही तो लागू पडतो.

‘जैत रे जैत’ (1977) हे नाव घेतल्यावाचून ही यादी पुरी होणार नाही. गो. नी. दांडेकर यांची कादंबरी, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, ना. धों. महानोर यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत. ठाकर समाजातील नाग्या आणि लिंगोबाच्या डोंगरावरील राणी माशी यांची ही कथा. येथे गाणी कथेत मध्येच थांबत नाहीत. तीच कथा पुढे नेतात. काही शब्द मराठवाड्या-विदर्भाकडच्या माणसालाही अनोळखी वाटतील. वाटू द्यावेत! प्रत्येक शब्द आपल्या ओळखीचा असलाच पाहिजे, हा आग्रह सोडला म्हणजे भाषेचा विस्तार केवढा आहे ते कळते.

अखेरीस भोपाळचे देणे भोपाळला द्यावयास हवे. ‘पाकीजा’ (1972) या चित्रपटातील चांदण्या रात्रीचे नौकागीत कैफ भोपाली यांच्या लेखणीतून उतरले आहे. त्याचे संगीतकार गुलाम मोहम्मद 1968 मध्येच वारले. आपल्या गाण्यांचे यश त्यांना पाहावयास मिळाले नाही आणि पार्श्वसंगीताचे उरलेले काम नौशाद यांनी पूर्ण केले. या चित्रपटात आगगाडीच्या शिट्टीकडे कान द्या. कोठ्याच्या भिंतींपलीकडे दुसरे आयुष्य आहे, हे नायिकेला ती शिट्टीच सांगत राहते. एका साध्या ध्वनीने जे काम साधले ते पन्नास व्हायोलिनांना साधले नसते.

दुसरा चित्रपट ‘मुहाफिज’ (1993). अनिता देसाई यांच्या कादंबरीवरून इस्माईल मर्चंट यांनी तो भोपाळातच चित्रित केला. संगीत झाकिर हुसेन आणि उस्ताद सुलतान खाँ यांचे. काव्य फैज यांचे. एक हिंदीचा अध्यापक एका वृद्ध उर्दू कवीची मुलाखत ध्वनिमुद्रित करू पाहतो. यंत्र उसने, माणसे बेपर्वा, कवी थकलेला. आणि जे टिपून ठेवावयाचे तेच निसटत जाते. एखाद्या भाषेचा आवाज वेळीच जपून ठेवला नाही तर काय होते, याचे इतके करुण चित्र मी दुसरीकडे पाहिलेले नाही. विषय उर्दूचा असला तरी तो पाहणाऱ्या मराठी मनाला आपली चिंता आठवल्यावाचून राहत नाही.

हे चित्रपट पाहावेत कसे? माझी सूचना साधी आहे. पंधरवड्यातून एक चित्रपट निवडावा आणि घरातील तीनही पिढ्यांनी तो एकत्र बसून, मध्ये न थांबविता पाहावा. त्यातील गाणी आधी ऐकू नयेत. दुसऱ्या दिवशी केवळ कानांनी ऐकावीत. मग मुलांना विचारावे, की हे गाणे कोणी कोणाला म्हटले? अडलेल्या शब्दाचा अर्थ आजीने वा आजोबांनी सांगावा. कोश उघडण्यापेक्षा आजीला विचारणे सोपे आणि गोडही. आजीला तो शब्द वापरण्याची संधी अलीकडे फारशी मिळत नसते, हेही ध्यानात असू द्यावे.

ऐरण म्हणजे काय, असे गोविंदपुऱ्यातील एखाद्या नातवाने विचारले आणि कारखान्यातून निवृत्त झालेल्या आजोबांनी त्याला ती हातवारे करून समजावून दिली, तर त्या रात्री चित्रपट पाहण्यात गेलेले अडीच तास सार्थकी लागले, असे खुशाल समजावे.